लग्न झालं म्हणजे सून भारतीय झाली असं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झालेली शिक्षिका आहे, वय 63. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा कुठं शुद्धलेखन चुकलं तर दुरुस्त करून घ्या पण मजकूर कापू नका एवढी विनंती. झालं असं की गेल्या आठवड्यात भाजी मंडईत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई भेटली आणि म्हणाली, "काय ओ बाई, फॉरेनच्या सुनेचं नाव रेशन कार्डात घातलं का न्हाई अजून, लग्न झालं म्हणजे आता इंडियनच की ती." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हेच मला पाहुण्यांनी विचारलंय, बँकेत विचारलंय आणि एका सरकारी ऑफिसात टेबलामागं बसलेल्या माणसानं पण विचारलंय, तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

लग्न झालं म्हणजे भारतीय झाली असं नसतं हो. नागरिकत्वाचा कायदा 1955 चा आहे, त्यात भारतीय माणसाशी लग्न केलेल्यानं नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर आधी 7 वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केला म्हणजे मिळालंच असंही नाही, आणि मिळालं तर आधीच्या देशाचं सोडावं लागतं कारण आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व चालत नाही. माझ्या सुनेची आई तिकडं एकटी आहे, तिला तिकडचं नागरिकत्व सोडायचं नाही आणि आम्हीही तिला कधी सोड म्हणणार नाही. म्हणजे ती इथं राहते ती व्हिसावर, आणि व्हिसा म्हणजे तारीख आली. आमच्या घरात आता कॅलेंडरवर संकष्टीच्या शेजारी तिच्या व्हिसाच्या तारखेला लाल गोल असतो.

माझा मुलगा क्रूझ शिपवर कुक आहे. सूनबाई फिलिपीन्सची, त्याच जहाजावर बेकरीत होती. चार वर्षांची ओळख, मग घरी सांगितलं. ह्यांनी दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की पोरगी व्हिडिओ कॉलवर माझ्या गुडघ्याचं विचारते, आपल्या जवळच्या माणसांतलं तरी कोण विचारतं. त्यावर जास्त लिहीत नाही, घरचं घरी. मला लिहायचंय ते कागदांबद्दल.

ती ख्रिश्चन, आम्ही हिंदू, म्हणून लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, तो 1954 चा. यात दोघांनी मिळून नोटीस द्यायची, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते, 30 दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर लग्न, तेही नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत नाहीतर परत पहिल्यापासनं. शिवाय दोघांपैकी एकजण तरी नोटिशीआधी 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे. आता मुलाला जहाजावरनं सुट्टी मिळते अडीच महिने. त्यातले 30 दिवस रहिवासाचे, 30 नोटिशीचे, म्हणजे तो घरी आला त्याच दिवसापासनं आम्ही दिवस मोजायला लागलो. आणि तिकडं ती ई-व्हिसाचा फॉर्म भरत होती तर कुणा एजंटनं तिला 30 दिवसांचा टुरिस्ट ई-व्हिसा घ्यायला सांगितलं, स्वस्त पडतो म्हणून. 30 दिवसांचा व्हिसा आणि 30 दिवसांची नोटीस, हा हिशोब बसणार कसा? रात्री अकराला मी कॅलेंडर घेऊन बसले आणि बोटांवर मोजलं तेव्हा लक्षात आलं, मग एक वर्षाचा ई-व्हिसा काढला ज्यावर तिला सलग 90 दिवस राहता येत होतं. तिनं 30 दिवसांचा काढला असता तर मुलगा सुट्टी संपवून जहाजावर आणि लग्न पुढच्या वर्षावर, बस्स.

तिनं येताना सेनोमार आणला होता, म्हणजे या माणसाचं आधी लग्न झालेलं नाही असा तिकडच्या सरकारचा दाखला. त्यावर अपोस्टिल होतं, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून असतो तो शिक्का, या करारात भारत 2005 पासून आणि फिलिपीन्स 2019 पासून आहे. हे सगळं मला तेव्हा कुठं माहीत होतं, एकेक कागद अडला तसं एकेक कळत गेलं.

लग्न झालं, तीन साक्षीदार सह्या करून गेले, घरी पुरणपोळी झाली, अंबाबाईला ओटी भरून आलो. आणि लग्नाचा दाखला हातात आला. आम्ही सगळेजण सही आणि शिक्काच बघत बसलो.

आपल्याकडं लग्न झालेल्या बाईचं नाव म्हणजे स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव. फिलिपीन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव आणि शेवटी वडिलांचं आडनाव असतं, पासपोर्टवर तसंच आहे. नोटिशीत तसंच लिहिलं होतं. पण दाखल्यावर टाइप करणाऱ्यानं हाताच्या सवयीनं मधे माझ्या मुलाचं नाव आणि पुढं आमचं आडनाव घातलं. मी 34 वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आणि हा एक कागद तपासला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलगा जहाजावर गेला. ती पुढचा व्हिसा काढायला मनिलाला गेली. मी तो दाखला मुंबईला पाठवून आधी मंत्रालयातनं आणि मग परराष्ट्र खात्याकडनं अपोस्टिल करून घेतला, कुरिअरनं तिकडं पाठवला, आणि अर्ज परत आला. कारण एका ओळीचं, पासपोर्टवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही. त्या रात्री ती फोनवर रडत होती आणि रडता रडता मला विचारत होती, "आई, मी चूक केला?" तिला मराठी तेवढंच येत होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी विवाह नोंदणीच्या ऑफिसात. दोघांना समक्ष घेऊन या म्हणाले. साहेब, एकजण समुद्रात आहे आणि एक मनिलात, मी कुठनं आणू. मग म्हणाले कोर्टातनं आदेश आणा. मग म्हणाले गॅझेट करा, ते गॅझेट तर स्वतःहून नाव बदलणाऱ्यांसाठी असतं, तिनं कुठं नाव बदललंय. अशा पाच चकरा झाल्या, सहा आठवडे गेले. शेवटी आमच्याच गल्लीतला एक वकील, माझा जुना विद्यार्थी, त्यानं कायद्याचं पुस्तकच माझ्यापुढं ठेवलं. स्पेशल मॅरेज ॲक्ट, कलम 49. लग्नाच्या नोंदीत चूक सापडली तर विवाह अधिकाऱ्याला ती सापडल्यापासून एक महिन्याच्या आत दुरुस्त करता येते, नवरा-बायकोच्या समोर, आणि ते दोघे हजर नसतील तर दोन विश्वासू साक्षीदारांच्या समोर, मूळ नोंद न खोडता समासात लिहून, सही आणि तारीख घालून. सगळं त्या एका कलमात आहे. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, ती ओळ पिवळ्या स्केचपेननं रंगवली आणि पासपोर्टच्या झेरॉक्ससकट टेबलावर ठेवली. साहेबांनी एकदा वाचलं, परत वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बसा बाई." त्याच आठवड्यात समासात दुरुस्ती झाली, साक्षीला हे आणि शेजारचे काका. माझा त्या माणसावर राग नाही, अशी केस त्यांच्यापुढं वर्षात कितीशी येणार. पण त्या सहा आठवड्यांत पोरीचं वजन उतरलं आणि माझं बीपी चढलं, आणि सगळं कशामुळं तर एक कलम कुणाला माहीत नव्हतं म्हणून.

आता ह्याच दिवसांत तिच्या देशात काय झालं ते सांगते, ते मला मुद्दाम सांगायचंय. फिलिपीन्समध्ये परदेशी माणसाशी लग्न करून त्याच्याकडं कायमचं राहायला जाणाऱ्या मुलीला विमानात बसायच्या आधी सरकारच्या एका समुपदेशनाच्या वर्गाला बसावं लागतं, कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज नावाचं त्यांचं खातं आहे ते घेतं, आणि त्याचं सर्टिफिकेट विमानतळावर दाखवावं लागतं. सूनबाई सांगत होती, त्यात विचारलं नवऱ्याला किती दिवस ओळखतेस, घरी कोण कोण आहे, भाषा येते का, तिकडं त्रास झाला तर कुणाला फोन करायचा माहीत आहे का, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. मला ऐकून इतकं बरं वाटलं. आणि लगेच डोक्यात आलं की आपल्या कोल्हापुरातनं, सांगलीतनं किती मुली लग्न करून परदेशात जातात, त्यातल्या काही फसून परत आलेल्या माझ्या माहितीत आहेत, त्यांना जाताना असं कुणी अर्धा तास तरी बसवून सांगितलं असतं तर! आपण मेहंदी, संगीत, हॉल, सगळ्याची चौकशी करतो आणि पोरगी कुठल्या व्हिसावर चालली, तिकडं तिला काम करता येतं का, हे विचारत नाही.

नंतर तिचा एंट्री व्हिसा आला, एक्स-टू, भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला, बायकोला, मुलांना मिळतो तो. आता नवीन गोंधळ. 2025 च्या ऑगस्टमध्ये फिलिपिनो लोकांना भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा एक वर्षासाठी फुकट झाला, आणि त्याच वर्षी आपल्यालाही तिकडं 14 दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, तर ती बातमी वाचून मला फोन आले की सुटला की तुमचा प्रश्न. अहो तो फिरायला येणाऱ्यांसाठी आहे, नांदायला येणाऱ्यांसाठी नाही. टुरिस्ट व्हिसावर संसार करायचा म्हणजे कायम बॅग भरून ठेवल्यासारखं, कुणी असा सल्ला दिला तर ऐकू नका.

तिच्या व्हिसावर लिहिलं होतं आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी. मुंबईला एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं, वेगळं ऑफिस आहे, आपल्याकडं जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी, आणि अर्ज ई-एफआरआरओ नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, नवऱ्याचे कागद, दोघांचा एकत्र फोटो, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. इथं परत अडलो. लाइट बिल अजून माझ्या सासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन 19 वर्षं झाली, बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येतं आणि आम्ही भरतो, कधी बदलावं असं वाटलंच नाही. मग घरफाळ्याची पावती ह्यांच्या नावावर होती ती लावली, ह्यांचं संमतीपत्र लावलं, तेव्हा चाललं. जुन्या पेठांतल्या किती घरांत हीच गत असेल, तेव्हा ज्यांच्या घरात असं काही ठरतंय त्यांनी लग्नाच्या याद्या करायच्या आधी लाइट बिलावरचं नाव बघा.

चौकशीला आलेले हवालदार मात्र सज्जन होते, चप्पल बाहेर काढून आत आले, तिच्याशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलले आणि जाताना म्हणाले ताई काही लागलं तर सांगा.

अजून एक, ज्याला फॉर्म सी म्हणायचे तो. परदेशी नागरिक कुणाकडं राहायला आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची, हे लॉजवाल्यांना माहीत असतं, पण घरी उतरला तरी द्यायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. 2025 च्या 1 सप्टेंबरपासून परदेशी नागरिकांसाठी नवीन कायदा लागू झालाय, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, त्यात 1946 चा फॉरेनर्स ॲक्ट आणि बाकीचे जुने कायदे गेले, पण घरात परदेशी माणूस राहिला तर कळवायचं ही जबाबदारी आहेच. मुलगा सुट्टीवर आल्यावर दोघं पन्हाळ्याला गेले होते, तर एका लॉजवाल्यानं तिचा पासपोर्ट बघून खोली नाही म्हणून सांगितलं, फॉरेनरची झंझट नको म्हणाला. दहा मिनिटांच्या ऑनलाइन फॉर्मसाठी पोरं रात्री नऊला गाडी घेऊन घाट उतरून घरी आली. मला त्याचं फार लागलं. पाहुण्याला दारातनं परत पाठवायची आपली रीत नाही.

आणि सगळ्यात जास्त मनाला लागलेलं सांगते. या एक्स-टू व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. राजारामपुरीतल्या एका बेकरीवाल्यानं तिच्या हातचा पाव खाल्ला, तिकडं त्याला पांदेसाल म्हणतात, मऊ आणि वरनं बारीक चुऱ्याचा, आणि म्हणाला सोमवारपासून या. तिनं हसून नाही सांगितलं आणि घरी येऊन ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. सतरा वर्षांची असल्यापासनं कमावणारी मुलगी आहे ती, आईचं घर तिच्या पगारावर चालायचं. आता नवऱ्याकडं पैसे मागताना तिचा चेहरा बघवत नाही मला. लग्नाची नोंद झालीय, पोलिसांकडं नोंद झालीय, पत्ता ठाऊक आहे, मग नवरा किंवा बायको म्हणून राहायला आलेल्या माणसाला काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासनं द्यायला काय हरकत आहे? माझी भाची अमेरिकेत गेली, तिचा नवरा तिथला नागरिक, अर्जाला वेळ लागला, मुंबईला इंटरव्ह्यू झाला, पण कायम राहायचा व्हिसा घेऊन ती उतरली आणि पुढच्या महिन्यात कामाला लागली. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळालं आणि संपायच्या आधीच्या 90 दिवसांत परत अर्ज करावा लागला, पण मधल्या काळात ती पगार घेत होती. तिकडं अडचणी काय कमी आहेत असं नाही, नवरा नागरिक नसून ग्रीन कार्डवाला असला तर बायकोला रांगेत थांबावं लागतं. पण हातातलं काम तरी काढून घेत नाहीत.

आपल्याकडं सुटका होते ती ओसीआय कार्डानं, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. लग्नाची नोंदणी झालेली असावी आणि संसार सलग 2 वर्षं चालू असावा, मग अर्ज करता येतो, पाकिस्तान आणि बांगलादेशच्या लोकांना नाही बाकीच्यांना होतो. भारतात अर्ज केला तर फी 15,000 रुपये, सरकारची तपासणी होते, आणि कार्ड मिळालं की व्हिसाचं टेन्शन संपलं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि घटस्फोट झाला तर कार्ड जातं. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे पण लोकांना सांगायला पाहिजे, कारण आमच्याकडं एकजण आला होता, 60,000 द्या, सहा महिन्यांत पक्कं इंडियन कार्ड करून देतो म्हणाला. ह्यांनी त्याला चहा पण न देता वाटेला लावलं. आधारचं पण तसंच, परदेशी माणसाला 12 महिन्यांत 182 दिवस इथं राहिल्यावर आधार काढता येतं, पण ते व्हिसाच्या मुदतीपुरतं, त्यावरनं कुणी भारतीय ठरत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातनं एक दिवस, दोन तास, अशा कुटुंबांसाठी एक टेबल ठेवा, विवाह नोंदणीचा एक माणूस आणि परदेशी नागरिक नोंदणीचा एक माणूस शेजारी शेजारी बसले तरी पुष्कळ झालं, आणि एका पानावर मराठीत छापून द्या कुठला कागद आधी, कुठला नंतर, किती दिवस धरायचे. आणि लग्नाच्या फॉर्मवर ठळक अक्षरात एक ओळ, परदेशी नागरिकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहावे. ह्याला बजेट लागत नाही. कोल्हापूरची पोरं आज जहाजावर आहेत, दुबईला हॉटेलात आहेत, जर्मनीत शिकताहेत, अशी लग्नं आता होतच राहणार, आणि प्रत्येक घरानं हे सगळं पहिल्यापासनं ठेच खाऊन शिकायचं का?

मी माझ्यापुरती सगळ्या कागदांची एक यादी वहीत लिहून ठेवलीय, तारखांसकट. माझा नंबर तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, छापू नका, पण कुणाच्या घरात असं लग्न ठरलं असेल आणि त्यांनी विचारलं तर जरूर द्या, संध्याकाळी पाचनंतर मी घरी असते.

पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला पोरांच्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण होतात. ओसीआयची फाइल लावून ठेवलीय, महालक्ष्मी एक्सप्रेसची मुंबईची तिकिटं अजून काढायची आहेत. आणि ह्या खेपेला प्रत्येक कागदावरचं नाव आम्ही दोघींनी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचलंय, ती इंग्रजीत वाचत होती आणि मी बोट फिरवत होते.

आपली,
एक सासू
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)